दोनच्या पुढे तीन: आवृत्तीचा आकडा काय सांगतो?



विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "तत्त्वज्ञान संपलं वाटतं तुमचं!" आम्ही म्हटले, संपलेले नाही, फक्त ते आता संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरांत दिसते. सभागृहात मागच्या बाजूला बरीच तरुण मंडळी दिसताहेत. त्यातले निम्मे तरी याच व्यवसायातले असतील. आमची चूक झाली तर हात वर करा, लाजू नका.

सुरुवात घरातल्या गोष्टीने करतो. न्यायदर्शनातल्या संज्ञांची कार्डे करण्याचा उद्योग आम्ही १९८० च्या दशकापासून चालवला आहे. लाकडी कपाट, त्यात खण, शंभर कार्डे झाली की पुढचा खण. २००९ च्या सुमारास आमच्या एका विद्यार्थ्याने ही सगळी सूची संगणकावर घेतली आणि तिच्यासाठी पायथन भाषेत छोटासा प्रोग्राम लिहून दिला. प्रोग्रामकडे कामे दोनच. संज्ञा वर्णक्रमाने लावायच्या आणि प्रत्येकीपुढे तिचा खण छापायचा. पण वर्णक्रम ही सोपी बाब नव्हे, बरं का. संस्कृत कोशात 'क्ष' हा 'क'च्या पोटात येतो आणि आपल्या शाळेच्या तक्त्यावर तो 'ळ'नंतर शेवटी बसतो. त्यामुळे कोणते अक्षर कोणाच्या आधी, हे त्याने स्वतः ठरवून लिहिले होते. बारा वर्षे प्रोग्राम बिनबोभाट चालला.

२०२१ साली जुना संगणक गेला, नवा आला. फाइली आणल्या, प्रोग्राम चालवला, आणि पहिल्याच ओळीला तो अडला. विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता परदेशात असतो.

"सर, तुमच्या नव्या मशीनवर पायथन तीन आहे. मी लिहिलं होतं दोनमध्ये."

"अरे, मग दोनच्या पुढे तीनच येतात ना? दोनला जे कळत होतं ते तीनला का कळू नये?"

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, हा प्रश्न जगात सगळ्यांनीच विचारला होता."

आजचे व्याख्यान या एका प्रश्नावर आहे. प्रोग्राम लिहिणारे जी साधने वापरतात, म्हणजे भाषा, कंपायलर, लायब्ऱ्या, त्यांच्यावर आवृत्तीचा आकडा असतो. हा आकडा कोणत्या जातीचे विधान आहे? ते खरे किंवा खोटे असू शकते का? आणि ते कोणाला उद्देशून केलेले असते?

आधी एक गैरसमज दूर करू. या आकड्यांत टिंब दिसते म्हणून ते दशांश अपूर्णांक नव्हेत. पायथन ३.९ नंतर आले ३.१०, ऑक्टोबर २०२१ मध्ये. शाळेच्या गणितात ३.१० म्हणजे ३.१, आणि तो ३.९ पेक्षा लहान. संस्कृतच्या विद्यार्थ्याला इथे अडचण येत नाही, कारण न्यायसूत्र १.१.७ नंतर कधीतरी १.१.१० येते हे तो जाणतो. अध्याय, आह्निक, सूत्र अशी ती उतरंड आहे आणि टिंब हे फक्त पायरीचे चिन्ह आहे. गंमत अशी की माणसाला जे कळते ते यंत्रांना कळले नाही. कित्येक प्रोग्राम आवृत्तीच्या नावाची पहिली तीन चिन्हे उचलून काम भागवत होते, त्यांना ३.१० हे ३.१ वाटले. सेटिंगच्या काही फाइलींत ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिले की ते संख्या म्हणून वाचले जाते आणि शेवटचे शून्य गळून पडते. मग यंत्र शोधू लागते २००९ सालचे ३.१. म्हणजे आकडा दिसतो संख्येसारखा, पण त्याची बेरीज होत नाही, वजाबाकी होत नाही. ३.१० मधून ३.९ वजा करून हाती काय येणार?

मग तो आहे तरी काय? आमच्या मते त्यात चार कामे एकमेकांत मिसळली आहेत. तो नाव आहे; तो क्रम आहे; तो कधीकधी वचन असतो; आणि फार वेळा तो, मीमांसकांच्या भाषेत सांगायचे तर, अर्थवाद असतो. मीमांसक वेदवाक्यांची वर्गवारी करताना विधी वेगळा काढतात आणि अर्थवाद वेगळा. विधी सांगतो काय करावे. अर्थवाद स्तुती करतो, म्हणजे ऐकणाऱ्याला ते करावेसे वाटेल.

अर्थवादाची उदाहरणे हवी तेवढी आहेत. जावा ही भाषा १९९६ मध्ये १.० होती, २००२ मध्ये १.४ झाली, आणि २००४ मध्ये एकदम ५.०. कारण काय दिले? तर तिची परिपक्वता नीट दिसावी म्हणून! पण संगणकाला 'तुझी आवृत्ती कोणती' असे विचारले तर तो सांगे १.५.०. दारावर एक पाटी आणि रेशनकार्डावर दुसरे नाव, असा हा प्रकार पुढे जावा ८ पर्यंत चालला. आत ती १.८.० च होती. २०१७ मध्ये नवव्या आवृत्तीने ते सुरुवातीचे 'एक' काढून टाकले, तेव्हा त्या एकावर विसंबलेले प्रोग्राम अडखळले. मार्च २०१८ पासून दर सहा महिन्यांनी नवा पूर्णांक येतो. म्हणजे आता तो आकडा बदलाचा आकार सांगत नाही, फक्त सहामाही उलटली एवढे सांगतो. आम्हाला हे बरे वाटते. निदान पंचांगाइतका तरी तो प्रामाणिक आहे. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ घ्या. पाटीवर वर्ष, आतला क्रमांक १७, सी++ च्या साधनसंचाचा क्रमांक १४३, आणि कंपायलर स्वतःला म्हणवतो १९ पूर्णांक काहीतरी. एका वस्तूचे चार आकडे आणि चौघांचे एकमेकांशी जमत नाही.

पीएचपी या भाषेची तर आवृत्ती ६ कधी आलीच नाही. पाचनंतर, डिसेंबर २०१५ मध्ये, थेट सात. सहाचे काम सुरू झाले होते, मग सोडून दिले. पण तोवर सहावर पुस्तके बाजारात आली होती. वैशेषिकांना आम्ही हे कोडे घालू इच्छितो. उत्पत्तीपूर्वीचा अभाव तो प्रागभाव, आणि उत्पत्ती झाली की तो संपतो. वस्तू जन्मलीच नाही, पण तिची पाठ्यपुस्तके जन्मली, तर हा अभाव कोणता? असो, विषयांतर झाले.

आता मुख्य भागाकडे येऊ. या गोंधळाला कंटाळून टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी एक संहिता लिहिली. गिटहबच्या संस्थापकांपैकी ते एक. संहितेचे नाव 'सिमँटिक व्हर्शनिंग', म्हणजे अर्थयुक्त आवृत्ती-क्रमांक. मागची मंडळी तिला 'सेमव्हर' म्हणतात. सध्याची प्रत २.०.० आहे, संहिता स्वतःलाही स्वतःचा नियम लावते, हे आम्हाला आवडले. लहानसा मजकूर आहे, अकरा नियम, अर्ध्या तासात वाचून होतो. आम्ही तो ग्रंथ म्हणून वाचला आणि आज त्याचीच समीक्षा करायची आहे.

सार असे. आकड्याचे तीन भाग: मेजर, मायनर, पॅच. फक्त चुका दुरुस्त केल्या तर शेवटचा वाढवा. जुने सगळे शाबूत ठेवून नवे घातले तर मधला वाढवा. जुने मोडेल असे काही केले तर पहिला वाढवा. पहिला शून्य असेपर्यंत काहीही बदलू शकते. आणि एकदा प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत काडीचाही फेरफार करायचा नाही. बदल करायचा तर नवा आकडा.

या मजकुराचे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे, आणि ते आम्हाला फार मोठे वाटते. सेमव्हरपूर्वी आवृत्तीचा आकडा खोटा असूच शकत नव्हता. जावाने स्वतःला पाच म्हटले. त्यात खोटे काय? नावच ते. मुलाचे नाव 'विजय' ठेवले आणि तो नापास झाला, तर नाव खोटे पडत नाही. पण ज्याने जाहीर केले की मी सेमव्हर पाळतो, त्याने मधला आकडा वाढवून माझा प्रोग्राम मोडला, तर त्याचा आकडा असत्य ठरतो. मी बोट दाखवून म्हणू शकतो, तू म्हणालास तसे झाले नाही. ज्या विधानाला खोटे ठरण्याची शक्यता नाही, त्यातून काही कळतही नाही. आकड्याला अर्थ दिला, म्हणजे त्याला खोटे ठरण्याची जोखीम दिली. 'सिमँटिक' हा शब्द तिथे शोभेचा नाही, हे आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आनंदाने नोंदवतो.

आता दोष. आवृत्तीचा आकडा वाचून आपण नवी आवृत्ती घेतो ते कशाच्या बळावर? सगळा बदल वाचून तर नव्हेच. सांगणाऱ्याच्या शब्दावर. म्हणजे हे शब्दप्रमाण झाले. आत्ता सूत्रक्रमांकाचे उदाहरण देताना १.१.७ उगाच निवडले नव्हते. आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण, हे सांगणारे सूत्र तेच आहे. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट साक्षात माहीत आहे, आणि जशी माहीत आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. दोन अटी आहेत: ज्ञान आणि सचोटी. सेमव्हर सचोटीचा बंदोबस्त उत्तम करते. ज्ञानाचे काय?

लायब्ररी लिहिणाऱ्याला ठाऊक असते की आपण काय देऊ केले. लोकांनी काय घेतले, हे त्याला ठाऊक नसते. संहितेचा पहिलाच नियम असा आहे की तुमचा सार्वजनिक एपीआय, म्हणजे लोकांनी कशावर विसंबावे त्याची यादी, आधी जाहीर करा. ठीक. पण गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने एक निरीक्षण या व्यवसायात प्रसिद्ध आहे: वापरणारे पुरेसे वाढले, की तुम्ही लेखी काय दिले होते याला किंमत उरत नाही, तुमच्या प्रोग्रामच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कोणी ना कोणी विसंबलेला असतो. वाड्यातल्या जिन्याची तिसरी पायरी करकरते. मालकाने ती दुरुस्त केली. पण खालच्या आजोबांना त्या करकरीवरून कळे की नातू घरी आला. मालकाच्या लेखी हा पॅच झाला. आजोबांच्या लेखी?

मग 'मोडले' हे कोणी ठरवायचे? संहिता ते करणाऱ्यावर सोपवते. तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश. चुकून मधल्या आकड्यात मोडतोड झाली तर काय, असा प्रश्न संहितेच्या शेवटी घेतला आहे, आणि उत्तर चांगले आहे: लक्षात येताच नवी मायनर आवृत्ती काढून जुने वागणे परत आणा. लक्षात येताच! ज्याचे मोडले त्याने ओरडल्याशिवाय लक्षात येणार कसे? एकटा बसून सूची करणारा माणूस कोणाकडे ओरडणार?

दुसरा दोष आम्हाला अधिक गंभीर वाटतो. पहिला आकडा वाढवला की संहितेच्या दृष्टीने करणारा मोकळा. घरमालकाने जिन्यात नोटीस चिकटवली: अमुक तारखेपासून पाणी बंद. नोटीस दिली, नियम पाळला. सूचना खरी होती, वेळेवर होती; पाणी बंदच राहिले. निष्पक्षपणे सांगायचे तर संहिता याबद्दल अगदीच मूक नाही. अशाने आकडा झपाट्याने बेचाळीसवर जाईल, या शंकेला ती म्हणते की हा जबाबदारीचा आणि दूरदृष्टीचा प्रश्न आहे. खरे आहे. पण जबाबदारी आकड्यात मावत नाही, आणि वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो फक्त आकडा.

रिच हिकी, क्लोजर या भाषेचे कर्ते, यांनी २०१६ च्या एका भाषणात याच मर्मावर बोट ठेवले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वाढवणे हे सुरक्षित, मोडणे हे मोडणे. मोडायचेच असेल तर नव्या वस्तूला नवे नाव द्या. जुन्या नावाखाली नवा आकडा लावून ती तीच वस्तू आहे असे भासवू नका. काल काशीत पाहिलेला देवदत्त आज समोर आला तर आपण म्हणतो, हाच तो. पण आजचा मनुष्य आपल्याला ओळखत नसेल, आपली भाषा त्याला कळत नसेल, तर 'देवदत्त ३.०' म्हणून काय साधते? पर्ल या भाषेचे असेच झाले. पर्ल ६ ची घोषणा २००० साली झाली, प्रत्यक्ष आवृत्ती २०१५ च्या नाताळात आली, आणि ती इतकी निराळी होती की २०१९ मध्ये तिचे नाव बदलून राकू केले. एकोणीस वर्षे आकडा सांगत होता की ही पर्लच आहे. नाव बदलले त्या दिवशी खरे बोलले गेले.

इथे आपल्या भाषेतल्या शब्दाकडे जरा पाहा. इंग्रजीतल्या व्हर्शनला आपण 'आवृत्ती' म्हणतो. आवृत्ती म्हणजे पुन्हा फिरून येणे. आपण पाठाची आवृत्ती करतो ती काही बदलण्यासाठी नव्हे. प्रकाशक मंडळी पुनर्मुद्रणालाच दुसरी आवृत्ती म्हणतात म्हणून आम्ही पूर्वी चिडत असू. आता वाटते, शब्द त्यांच्या बाजूने होता. पाणिनीच्या व्याकरणात अनुवृत्ती नावाची सोय आहे: आधीच्या सूत्रातले पद पुढच्या सूत्रांत आपोआप चालू राहते, काही अडथळा येईपर्यंत. चांगली नवी आवृत्ती म्हणजे जिच्यात मागचे सगळे अनुवृत्तीने चालू आहे. गो ही भाषा मार्च २०१२ मध्ये १ झाली तेव्हा तिने असेच वचन दिले. जुने मोडणारे 'गो २' येणारच नाही, हेही तिच्या कर्त्यांनी २०२३ मध्ये सांगून टाकले आहे.

इथपर्यंत आमचे मत सरळ होते: मोडणारा अपराधी आणि आम्ही फिर्यादी. पण आता आमच्याच खटल्याकडे परत जातो, कारण तिथे गोष्ट बिघडली. म्हणजे आमची बाजू बिघडली.

विद्यार्थ्याने फोनवरून दुरुस्त्या सांगितल्या. पहिली अडचण क्षुल्लक होती: छापण्याच्या आज्ञेला आता कंस लागतात. दुसरी मोठी होती. दोन अक्षरे शेजारी ठेवून 'यातले आधी कोण' हे आपल्या नियमाने ठरवण्याची, क्रम लावणाऱ्या आज्ञेला थेट सांगता येणारी जी पद्धत होती, ती तिसऱ्या आवृत्तीत काढली आहे. तेच काम वळसा घालून करावे लागते. म्हणजे आमचा 'क्ष' कुठे बसणार, नेमके तेच मोडले. या दोन्ही ठिकाणी यंत्राने निदान तक्रार तरी केली. तिसऱ्या ठिकाणी ते काहीच बोलले नाही. खण काढण्यासाठी कार्डाच्या क्रमांकाला शंभराने भागून एक मिळवला होता. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तर पूर्णांकच येई, बाकी गळून जाई. पायथन ३ मध्ये अपूर्णांक येतो. ३५० व्या कार्डापुढे छापून आले: खण ४.५. साडेचारावा खण! कपाट आमच्यासमोर होते म्हणून हसलो. कपाट नसते, नुसता आकडा पुढच्या हिशेबात गेला असता, तर कळले असते का?

तर फिर्याद अशी. पायथन ३.० आले ३ डिसेंबर २००८ ला. जुन्या २.७ चा आधार बंद झाला १ जानेवारी २०२० ला. आधी २०१५ ठरले होते, ते लोकांच्या अडचणी पाहून पुढे ढकलले. अकरा वर्षे दोन्ही संसार शेजारी चालले. नोटीस इतकी लांब कोणी देत नाही. आणि पहिला आकडा बदलला होता, म्हणजे सेमव्हरच्या कसोटीलाही तो बदल उतरला असता, जरी पायथनने ती संहिता कधी स्वीकारलेली नाही. (२०१८ च्या ३.७ मध्ये 'असिंक' हा शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवला आणि ज्यांनी आपल्या प्रोग्रामात तो नाव म्हणून वापरला होता त्यांचे मोडले. मधल्याच आकड्यात.)

पण हे सगळे केले कशासाठी? कारणे अनेक होती. सगळ्यात मोठे होते ते अक्षरांचे. पायथन २ मध्ये साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ. तिथे 'मराठी' हा शब्द लिहून त्याची लांबी विचारली, तर आजच्या प्रचलित यूटीएफ-८ लेखनात उत्तर मिळे १५. पायथन ३ मध्ये मजकूर म्हणजे मुळातच युनिकोड; तिथे उत्तर येते ५. आमच्या नातीला विचारले तर ती बोटे मोजून ३ सांगते आणि तिचेच बरोबर आहे. पण पंधरावरून पाचावर येणे ही लहान गोष्ट नव्हे. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा फरक जाणवतच नव्हता. त्याचे एक अक्षर म्हणजे एक बाइट. दोनची व्यवस्था त्याच्या सोयीची होती. तीनची मोडतोड बऱ्याच अंशी देवनागरीसारख्या लिप्यांसाठी होती. म्हणजे ज्या बदलाने आमची सूची मोडली, तो बदल आमच्यासाठी केला होता!

हे उमगल्यावर आम्ही दोन दिवस फोन केला नाही.

याच्या उलट टोकाला डोनाल्ड कनुथ यांचे टेक आहे. पुस्तके जुळवण्याचे साधन, प्रामुख्याने गणितज्ञांचे लाडके. त्याची आवृत्ती तीन झाल्यावर कनुथ यांनी जाहीर केले की आता नवे काही घालणार नाही, फक्त चुका दुरुस्त करीन, आणि दर दुरुस्तीला आकडा पायच्या एक घर जवळ जाईल. ३.१४, ३.१४१, असे करत २०२१ मध्ये ३.१४१५९२६५३ झाले. त्यांचे दुसरे साधन, मेटाफाँट, असेच e या संख्येकडे चालले आहे. आपल्या मृत्यूनंतर आवृत्ती म्हणजे साक्षात पाय, आणि तेव्हा उरलेल्या चुका या चुका न राहता वैशिष्ट्ये मानाव्यात, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. बदल करायला बंदी नाही, पण बदललेल्या वस्तूला टेक म्हणायचे नाही. नाव दुसरे ठेवा. या व्यवसायात आकड्याने दिलेले इतके पूर्ण वचन आम्हाला दुसरे आढळले नाही. जो आकडा अनंत काळ पुढे सरकतो आणि तरी कुठेच जात नाही, तो शोधून काढायला गणितीच हवा.

पण हे वचन कोणाला दिले गेले? जे आत आलेले होते त्यांना. तिसऱ्या आवृत्तीत टेकला एका वेळी २५६ चिन्हे वाचता येतात. युरोपातल्या भाषांची तेवढ्यात सोय झाली. देवनागरीसाठी मजकूर आधी रोमन खुणांत लिहून वेगळ्या प्रोग्राममधून काढावा लागे. आज आम्ही आमचे संस्कृत-मराठी लेख टेकच्या पद्धतीने जुळवतो ते झीटेकमध्ये, म्हणजे नाव बदललेल्या वस्तूत. कनुथ यांचा नियम पाळला गेला, हिकी यांचेही समाधान झाले, कोणाचे काही मोडले नाही, आणि आपली लिपी मूळ घराबाहेर ओसरीवर राहिली. ओसरीवर सोय चांगली आहे, याबद्दल तक्रार नाही.

म्हणून सेमव्हरबद्दलचा आमचा शेवटचा आक्षेप हा की तिचा पहिला आकडा सगळ्या मोडतोडींना एकाच मापाने मोजतो. कोणी लहर लागली म्हणून फंक्शनचे नाव बदलले तरी एक वाढतो. कोणी अब्जावधी माणसांच्या लिपीसाठी दार रुंद केले तरी एकच वाढतो. मोडले की नाही एवढेच ती विचारते. कोणासाठी मोडले आणि कोणाचे मोडले, हे तिच्या व्याकरणात बसत नाही. स्थैर्य ही रांगेत आधीपासून उभे असलेल्यांची गरज आहे. बदल ही मागून येणाऱ्यांची. आम्ही आयुष्यभर स्थैर्याच्या बाजूने बोलत आलो. या एका प्रकरणात मात्र आम्हाला मागून येणाऱ्यांच्या रांगेत उभे केले गेले, आणि तिथून तोच आकडा वेगळा दिसला.

सूचीचे काय झाले, ते सांगून थांबतो. प्रोग्राम आता पायथन ३ वर चालतो. फाइलीच्या पहिल्या ओळीत आम्ही तो कोणत्या आवृत्तीवर तपासला ते लिहून ठेवले आहे, तिन्ही भागांसह. 'क्ष' जागेवर आहे, खण पूर्णांकात आहेत. एक अडचण राहिली. तुलनेसाठी आम्ही काही पाश्चात्त्य नावेही सूचीत घेतली होती. त्यात ॲरिस्टॉटल दोन वेळा येतो. छापून पाहिले, दोन्ही नावे अगदी सारखी. भिंग लावून पाहिले, तरी सारखी. विद्यार्थ्याने उलगडा केला: आपला मराठी 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये आले. आमची जुनी कार्डे टंकलिखित झाली ती 'अ'वर चंद्र चढवून. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. आणि युनिकोडच्या नियमांतही ती दोन लेखने समान मानलेली नाहीत. जे दोन पदार्थ कशानेच वेगळे दाखवता येत नाहीत ते एकच, असे लायब्निट्सने म्हटले होते. त्याच्यासाठी आमच्याकडे १२ व्या खणात एक कार्ड आहे.

"सर, दोन्ही एक करून टाकू का?" असे त्याने विचारले आहे. आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. जुन्या कार्डावर आमच्या हस्ताक्षरात त्या काळच्या टिपा आहेत, आणि एक केले की कुठले कार्ड कुठल्या आवृत्तीच्या आधीचे, हे कळायची खूण जाईल.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. मागचे ते निळ्या शर्टातले गृहस्थ मघापासून हात वर करून बसलेत, पीएचपीचा विषय निघाला तेव्हापासून. आधी त्यांचा प्रश्न घेऊ.